आधी ओझेवाली

फिरंगी जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, सेलवासात सरकार दिल्लीचं होतं. पण चर्चमागच्या जुन्या बोळात हुकूम चालायचा तो आमच्या भूगोलाच्या मास्तरांचाच. राजापूरहून नोकरीला आलेला हा किडकिडीत माणूस त्या दगडी बोळावर असा भाळला होता, की कोणाकडे पाहुणा उतरला रे उतरला, मास्तर त्याला बोळ दाखवायला न्यायचे. बोळ जेमतेम दोनशे पावलांचा. मास्तरांबरोबर दीड तास. प्रत्येक दाराची कडी वाजवून दाखवणार, प्रत्येक पायरीचं वय सांगणार. एका घरचा जावई ऐकता ऐकता ओट्यावर झोपी गेला, तर म्हणाले, "झोपू दे. इथला वाराच तसा आहे." बोळाला कायदा एकच: समोरून डोक्यावर ओझं आलं, की मोकळ्या हाताच्याने ओट्यावर चढून वाट द्यायची. एका गवताच्या भाऱ्यासाठी त्यांनी मामलेदारांनाही चढवलं होतं.

आणि हेच ओटे फोडून जीप नेण्याचा घाट कचेरीने घातला! ओट्यावर शिवणयंत्र मांडून पोट भरणाऱ्या जसुबेनने जायचं कुठे? मी बोळ बचाव समितीचा चिटणीस. तीन पत्रकं काढली, प्रत्येकात चार-चारदा 'धिक्कार'. कचेरीत कोणी वाचलं नाही. मास्तर तर सहीसुद्धा करेनात. "साहेबांनी बोळ बघितलाय का?" एवढंच विचारलं. माझं डोकंच फिरलं.

मोजणीला ओव्हरसियर आला तो मास्तरांच्या आग्रहाने, ऐन बाजाराच्या दिवशी. फीत उलगडली तोच शेजारच्या सामरवरणी गावची एक बाई डोक्यावर मोळी घेऊन आली.

"साहेब, ओट्यावर."

"अहो मास्तर, मी सरकारी कामावर आहे!"

"तीही कामावरच आहे. तिच्या डोक्यावर मोळी आहे, तुमच्या डोक्यावर टोपी."

मोळीमागून कोंबड्यांची टोपली, टोपलीमागून मडकी. जसुबेन कापड बाजूला सारत म्हणाली, "बेसो ने साहेब, चा ठेवते." दुपारपर्यंत साहेबांचे तीन चहा झाले, शर्टाचं एक बटणही लागलं. शेवटी फीत गुंडाळत तेच म्हणाले, "ओटे फोडले तर लोक थांबणार कुठे?" जीपचा रस्ता तळ्याकडून वळला.

मी लगेच विजयाचं पत्रक छापलं: समितीपुढे कचेरी नमली! मास्तरांचं नाव त्यात नव्हतं. सही नाही तर नाव नाही, असा माझा तेव्हाचा ताठा. मास्तरांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं, आणि आणखी एक प्रत मागितली.

"राजापूरला मुलीला पाठवतो. बाबा राहतात ते गाव कसं आहे, विचारते सारखी."

मी गठ्ठा चाळून त्यातली सर्वांत स्वच्छ छापलेली प्रत त्यांना दिली.