परागाच्या दह्याचा पहिला कप

डेअरीत त्यांना सगळे विरजणकाका म्हणत. उभं आयुष्य दही लावण्यात गेलेलं. दुधाच्या कॅनला बाहेरून हात लावला की विरजण घालायची वेळ झाली का, हे ते सांगत. नव्या दह्याचा पहिला कप विरजणाऱ्याच्या घरी जायचा, अशी तिथली रीतच होती.

या खेपेला मालकांनी दह्यात परागकण घालायला लावले. मधमाश्यांनी फुलांवरून गोळा केलेले पिवळे दाणे. त्यात अँटिऑक्सिडंट भरपूर, तब्येतीला उत्तम, असं मालक ज्याला त्याला सांगत. दाणे दळून घातले तसा दह्याला पिवळसर रंग चढला. काकांनी कप घरी नेला आणि मोठ्या तोऱ्यात सुनेपुढे ठेवला. झाडांना बहर आला की ती शिंकून शिंकून बेजार होते, हे त्यांना ठाऊक होतं. पण दाणे मधमाश्यांचे, म्हणजे मधाचेच भाऊबंद, आणि मध तर ती रोज खाते, असा त्यांचा हिशेब.

कप अर्धाही झाला नव्हता, तोच सून ओठ चोळू लागली.

"बाबा, यात काय घातलंय? घसा खाजतोय."

बघता बघता तिचे डोळे सुजले, आवाज घोगरा झाला. मुलगा कामावर, घरात ही दोघंच. तिचा हात धरून त्यांनी कसाबसा कोपऱ्यावरचा दवाखाना गाठला.

"काय खाल्लं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

माल बाजारात येण्याआधीच बभ्रा झाला तर मालक घरी बसवतील, हे काकांच्या मनात आलं. शेजारी सुनेचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"दही. परागकण घातलेलं," ते म्हणाले. "मीच दिलं."

इंजेक्शन देऊन बाई म्हणाल्या, "इथेच बसा. हिला बोलतं ठेवा. आवाज आणखी बसला किंवा ती बोलेनाशी झाली तर लगेच हाक मारा."

"बोल गं," काका म्हणाले.

"काय बोलू? सासऱ्यांनी विष घातलं म्हणून माहेरी कळवू?"

"कळव. खुशाल कळव."

"आधी मालकांना सांगा, यात परागकण आहेत असं झाकणावर ठळक लिहा म्हणावं."

"उद्या सकाळीच सांगतो. कामावरून काढलं तर काढलं. तू बोल."

मग ती सुटलीच. काकांनी पलंगावर टाकलेला ओला टॉवेल, पाहुण्यांसमोरचं त्यांचं घोरणं, मनात साठलेलं एकेक बाहेर येऊ लागलं. काका मान डोलवत तिच्या गळ्याकडे बघत होते. मधेच ती गप्प झाली.

"बाई! बाई, लवकर या!"

"अहो बाबा, पाणी पितेय."

"पी. पण पिता पिता हूं तरी म्हण," काका म्हणाले.