शेवटच्या दालनातला अंधार

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी पुण्याहून बेंगळुरूला आलो आणि जे. पी. नगरमधल्या एका कंपनीत लागलो. कंपनी म्हणजे एका बंगल्याचा वरचा मजला. तिथे आम्ही परदेशी गिऱ्हाइकासाठी कॉम्प्युटर गेम बनवत होतो. त्यातला एक भुयारी किल्ला बेळगावच्या एका बाईंकडे होता. भिंती उभारायच्या, दिवे लावायचे, हे त्यांचं काम. त्यासाठी लागणारे प्रोग्रॅम माझे.

गेम चालू असताना उजेड-सावली काढायची तेव्हाच्या मशीनची ताकद नव्हती. म्हणून कुठल्या भिंतीवर किती उजेड पडतो ते आधीच मोजून भिंतींवर चिकटवून ठेवायचं. याला लाइटमॅप म्हणत. एक पणती हलवली तरी सगळा किल्ला पुन्हा मोजावा लागे आणि त्यात दिवस जाई. बाई बराच वेळ नुसत्या पडद्याकडे बघत बसत, मग दिवे ठेवत, बटण दाबत आणि डबा उघडत.

मला ते बघवेना. प्रोग्रॅम उघडला तर काय, प्रत्येक दिव्यासाठी तो किल्ल्यातली एकूण एक भिंत तपासत होता. तळघरातल्या पणतीचा उजेड बुरुजावर पडेल कसा? कोणत्या खोलीतून कोणती खोली दिसते ते मी एकदाच काढून ठेवलं आणि बाकीचं तपासणंच बंद केलं. दिवसभराचं काम चहा निवायच्या आत होऊ लागलं. मी भलताच खूश होतो.

कंपनीचे कन्नड मालकही खूश झाले. इतके, की खुर्ची ओढून बाईंच्या शेजारीच बसू लागले. पूर्वी वाट बघायला त्यांना सवड नसे, त्यामुळे बाई करतील ते चाले. आता स्वल्प, म्हणजे थोडा, उजेड वाढवा, इथे एक दिवा लावा, लगेच बघायचं आणि परत नवी सूचना. शेवटचं दालन बाईंनी मुद्दाम एकाच पणतीवर अंधारं ठेवलं होतं. खेळणाऱ्याने तिथे दबकत शिरावं, असं त्यांच्या मनात होतं. महिनाभर त्या त्याच्या मागे होत्या. दोन दिवसांत त्याचं पार मंगल कार्यालय झालं, आणि गेम तर आठवड्याअखेर पाठवायचा होता.

बाई माझ्या टेबलाशी आल्या. "परत पहिल्यासारखं हळू करतासा काय ओ?"

मला राग आला. एवढं राबून केलेलं उलटं फिरवायचं? मालकांना स्पष्ट सांगा की, म्हणालो. सांगून झालं, त्या म्हणाल्या, ते सरी सरी, बरं बरं, म्हणतात आणि आणखी एक दिवा लावायला लावतात. मी तणतणत जाऊन ते दालन बघितलं. उंदराला लपायला जागा उरली नव्हती. मुकाट्याने त्यांच्या मशीनवर जुना प्रोग्रॅम चढवून दिला.

दुसऱ्या दिवशी मालक येऊन बसले. मोजणी किती झाली ते दाखवणारा पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा हलेना. अजून किती वेळ, त्यांनी विचारलं. संध्याकाळ होईल, बाईंनी सांगितलं. जरा वेळ चुळबुळ करून मालक उठले, ते पुन्हा फिरकले नाहीत. बाईंनी जादा दिवे काढून टाकले आणि दालनात परत एकच पणती ठेवली.

गिऱ्हाइकाला ते दालन फार आवडलं. मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की घाई न केल्याचा हा गुण. यापुढे सगळ्यांनीच जुना प्रोग्रॅम वापरायचा. माझा चेहरा पडला. तेव्हा बाई मालकांना कन्नडमध्ये म्हणाल्या, "बाकीच्यांना नवाच राहू दे, सर. मला तेवढा जुना द्या."

मालक सरी म्हणाले. माझं काम वाचलं. मालकांची खुर्ची मात्र आता बाकीच्यांच्या शेजारी आली, आणि त्यांच्या किल्ल्यांत अंधारा कोपरा म्हणून उरला नाही.