रंगाच्या दोन हातांमधला वेळ

लोखंडाला रंगाचा पहिला हात दिला की दुसऱ्या हातासाठी थांबावं लागतं. सहा तास, कधी आठ तास, थंडीत त्याहून जास्त. घाई केली तर खालचा ओला राहतो आणि वरचा फसतो. मग त्या वेळात करणार काय? चहा होतो, ब्रश धुऊन होतात, आणि कुणीतरी म्हणतं, "मॅडम, त्या दिवशीचं आठवतं का?" झालं! नाशिकला अंबडमध्ये गंज काढून रंग द्यायची आमची छोटीशी शेड आहे. वीस वर्षांपूर्वी मी तिथे सुपरवायझर म्हणून लागले, आता शेड मीच चालवते. रंगवलेलं लोखंड गिऱ्हाइकाकडे जातं, किस्से शेडमध्येच राहतात.

* * *

देवरेकाका मूळचे सटाण्याकडचे. ओझरला विमानाच्या कारखान्यात सगळी नोकरी तपासनीस म्हणून काढली. रिटायर झाले, घरी बसवेना, म्हणून आमच्याकडे आले. एरवी बोलणं अगदी शुद्ध, पण चिडले की थेट अहिराणी!

त्यांचं आमच्याकडचं पहिलं काम म्हणजे एका सोसायटीचं गेट. आम्ही गंज काढला, प्रायमरचा खालचा थर दिला, रंग दिला. गेट मस्त चमकत होतं. काका उकिडवे बसले, खिशातून भिंग काढलं आणि खालच्या पट्टीवर बोट ठेवून ओरडले, "हाई काय शे?"

रंगाचा एक ओघळ होता. तांदळाच्या दाण्याएवढा. त्याच्या शेजारी एक जागा कोरडी राहिली होती. काकांनी अख्खी पट्टी परत घासायला लावली.

सोसायटीचे चेअरमन खुर्ची टाकून बघत होते. त्यांना गाड्या आत घ्यायच्या होत्या. शेवटी उठले आणि म्हणाले, "अहो काका, गेट आहे हे, विमान नाही. हे काही उडणार नाहीये!"

काकांनी भिंग पुसलं. "साहेब, एका विमानाला तपासणारी शंभर माणसं असतात. एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसरा धरतो. तुमच्या गेटला मी एकटाच आहे."

चेअरमन परत खुर्चीवर बसले.

* * *

ब्लास्टिंगचं काम काशिनाथचं. हवेच्या जोराने बारीक खडीचा मारा करून गंज उडवायचा, याला आम्ही ब्लास्टिंग म्हणतो. मारा झाला की आतलं लोखंड पांढुरकं, उघडं पडतं. त्याला नुसता हात लावायचा नाही. घाम लागला की तिथे परत गंज धरतो. प्रायमर लागेपर्यंत सगळ्यांचे हात पाठीमागे!

एकदा एक कारखानदार आपली टाकी बघायला आले. काशिनाथने नुकतीच साफ केली होती. साहेबांना राहवलं नाही. "वा! चांदी झाली की हो!" म्हणत त्यांनी टाकीवर सणसणीत थाप मारली. त्यात लाइट गेली, प्रायमर दुसऱ्या दिवसावर गेला. पावसाळी हवा. सकाळी बघतो तर टाकीवर तांबडा, स्पष्ट पंजा!

साहेब परत आले आणि संतापले. "कोणी हात लावला माझ्या टाकीला?"

काशिनाथ शांतपणे म्हणाला, "साहेब, चार बोटं पूर्ण आहेत. करंगळी अर्धीच आहे."

साहेबांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. करंगळी अर्धीच होती. परत त्या पंज्याकडे बघितलं. मग म्हणाले, "प्रेस मशीनमध्ये गेली. वीस वर्षांचा होतो, दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला. आता मीच विसरलो होतो."

काशिनाथने खडी मारायची नळी हातात घेतली आणि विचारलं, "मग सही पुसू का, साहेब?"

* * *

मंदाताई रंग कालवतात. आमच्याकडे येण्याआधी त्या खानावळीत स्वयंपाक करायच्या. आमचा रंग दोन डब्यांत येतो. एकात रंग, दुसऱ्यात तो कडक करणारं औषध. दोन्ही ठरलेल्या मापात मिसळायचे, आणि तासाभरात संपेल एवढंच मिसळायचं. मंदाताई माप एका थेंबाने चुकत नाहीत. मी एकदा म्हणाले, "ताई, थोडं इकडेतिकडे चालतं हो." त्या म्हणाल्या, "मॅडम, भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घेता येतं. याच्यात वरून काय घेणार?"

एका मे महिन्यात गिऱ्हाइकाकडचे एक इंजिनियर कामावर उभे होते. त्यांना भारी घाई. "दर तासाला काय थोडं थोडं कालवता? सगळं एकदम करा!"

"साहेब, तापेल ते."

"मी सांगतोय ना!"

मंदाताई बाजूला झाल्या. साहेबांनी स्वतः बादलीभर रंग कालवला, त्यात ढवळायचा दांडा तसाच ठेवला आणि फोनवर बोलायला बाहेर गेले. परत आले तर बादली गरम, वर वाफ, रंग दगडासारखा घट्ट, आणि दांडा मधोमध ताठ उभा. ओढला तर दांड्याबरोबर अख्खी बादली उचलली गेली!

मंदाताईंनी पदर डोक्यावर घेतला, बादलीला हात जोडले आणि अगदी नम्रपणे विचारलं, "साहेब, नारळ आणू का?"

* * *

आता माझं सांगते. दुसऱ्यांचेच किस्से सांगितले तर बरं दिसत नाही.

मला लागून तीनच वर्षं झाली होती. सिन्नरकडे एका कारखान्याची मोठी टाकी होती, उघड्यावर. डिसेंबरची सकाळ. काका रजेवर होते. लोखंडावर दव होतं, पण मला ते दिसलं नाही. खरं सांगायचं तर मी बघितलंच नाही. हात लावून बघायचं एवढंच काम होतं. माणसं खोळंबली होती, मी म्हटलं, "करा सुरू."

तीन महिन्यांत त्या टाकीचा रंग पापडासारखा सुटला. एवढाले पापुद्रे!

तिथले मेंटेनन्सचे साहेब रिटायरमेंटला आलेले, कडक गृहस्थ. त्यांनी बोलावून घेतलं. बसने जाताना मी उत्तरं जुळवत होते. हवामान खराब होतं. रंगाचा लॉट खराब असेल. तुमच्याच लोकांनी टाकी लवकर भरली. सगळी उत्तरं चांगली होती. मी ती मनातल्या मनात दोनदा म्हणूनही बघितली.

केबिनमध्ये टेबलावर त्यातलाच एक पापुद्रा ठेवलेला. साहेबांनी विचारलं, "हे कशामुळे?"

मी तो पापुद्रा उचलला. आतल्या बाजूला तांबूस गंज होता. बघितल्यावर खोटं बोलताच येईना. मी म्हणाले, "माझ्यामुळे. त्या दिवशी दव होतं. मी हात लावून बघितलं नाही."

आता नोकरी जाणार, हे मी धरूनच चालले होते. मग त्यांनी चष्मा काढला. "माझ्या नोकरीत बरेच ठेकेदार झाले. रंग सुटला की प्रत्येकाने हवेवर ढकललं. बिचाऱ्या हवेला आज पहिल्यांदा सुट्टी मिळाली."

टाकी आम्ही परत घासून रंगवली. तेव्हापासून रोज सकाळी लोखंडाला पहिला हात मी लावते. रंगाचा नाही, माझा स्वतःचा. मंदाताई म्हणतात, "मॅडम ताप बघतायत."

* * *

काशिनाथ सुरगाण्याकडचा. पाड्यावर भाताची थोडी शेती आहे. लावणीला आणि कापणीला घरी जातो, बाकी वर्ष आमच्याकडे. माणूस इतका अबोल की पहिल्या वर्षी आम्हाला वाटायचं, याला काही राग आला आहे की काय. दिवसभर डोक्यावर ती मोठी टोपी, तोंडावर काच, आत हवेची नळी, आणि बाहेर कॉम्प्रेसरचा एवढा आवाज की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं.

एका दुपारी अचानक लाइट गेली. कॉम्प्रेसर बंद, पंखे बंद, शेजारच्या शेडमधली मशीनही बंद. एकदम शांतता. आणि त्या शांततेत ब्लास्टिंगच्या खोलीतून गाणं! खणखणीत आवाज, लग्नातलं गाणं, त्यांच्या बोलीतलं. शब्द पुरते कळत नव्हते, पण नवरीला काहीतरी समजावत होता. एक कडवं पूर्ण झालं. मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण गाणं मधेच तुटलं.

टोपी काढून तो दारात आला. घामाने निथळत होता. आम्ही सगळे त्याच्याकडेच बघत होतो.

"ऐकलं का तुम्ही?"

मंदाताई म्हणाल्या, "काशिनाथ, कधीपासून गातोस रे?"

"लागलो तेव्हापासून."

म्हणजे नऊ वर्षं! नऊ वर्षं हा माणूस आमच्या शेजारी उभा राहून गळा मोकळा करून गात होता आणि आम्ही कॉम्प्रेसर ऐकत होतो. मी विचारलं, "अरे, मग बाहेर का नाही गात?"

तो लाजला. "बाहेर लोक असतात ना."

तेव्हापासून शेडमध्ये लाइट गेली की कुणी वैतागत नाही.

* * *

सायखेड्याचे भाऊसाहेब ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन आले. मुलीचं लग्न चार दिवसांवर होतं. "मॅडम, लाल भडक रंग मारा. खालचं खरडत बसू नका, टाइम नाय. लग्नाची माणसं आणायची हायत हिच्यात. लाल म्हंजे लालच, बरं का! उठून दिसली पाह्यजे."

काका हातोडी घेऊन ट्रॉलीत चढले. टण, टण, टण. मधोमध आले आणि आवाज बदलला. ठप! हातोडी पत्र्यातून आरपार.

भाऊसाहेब भडकले. "काका, लय जोरात मारली तुम्ही! चांगली ट्रॉली फोडली!"

काकांनी हातोडी त्यांच्या हातात दिली. "तुम्ही हळू मारा."

भाऊसाहेबांनी अगदी हळू, दारावर टकटक करावी तशी मारली. दुसरं भोक पडलं. तिसरी मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. ट्रॉलीच्या कडेवर बसून राहिले. मग म्हणाले, "माझ्या तिघी बहिणी बसणार होत्या हिच्यात. त्यांची पोरं."

तिथूनच घरी फोन लावला. "माणसांसाठी टेम्पो सांगा. ट्रॉली नाय येत."

लग्न छान झालं. ट्रॉली महिनाभर आमच्याकडे होती. सगळा पत्रा काढून नवीन बसवला, सांगाडा साफ केला, प्रायमर द्यायच्या आधी भाऊसाहेबांना बोलावलं. ते काही न बोलता काकांची हातोडी घेऊन चढले आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत वीत-वीत अंतरावर ठोकून बघत गेले. अर्धा तास! घामाघूम होऊन उतरले.

मी विचारलं, "लाल ना?"

"कोणता पण मारा."

* * *

हे शेवटचं पंचवटीतलं. घाटाच्या पायऱ्यांना लागून असलेल्या लोखंडी कठड्याचं काम आमच्याकडे होतं. काशिनाथ तारेचा ब्रश लावून गंज काढत होता. एका जागी पोहोचला तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, तेवढं राहू द्या!"

बाबूराव. वरच्या बाजूला फुलांच्या पुड्या विकतात. नजर जवळजवळ गेलेली. फुलांवर शिंपडायला पाणी लागतं, म्हणून रोज सकाळी कॅन घेऊन स्वतः नदीवर उतरतात.

काशिनाथ म्हणाला, "बाबा, सगळ्यात जास्त गंज इथंच आहे."

"म्हणून तर! हाताला खरखर लागली की मी थांबतो. तिथून पुढची पायरी खोल आहे. एकदा पडलो होतो, तीन महिने अंथरुणात होतो. तेव्हापासून ती खरखर धरून उतरतो."

मी जवळ गेले. त्यांना सांगितलं की गंज ठेवता येणार नाही, आणखी दोन पावसाळ्यांत हा कठडाच तुमच्या हातात येईल. त्यांनी मान हलवली. "तुमचंही खरं आहे, बाई." आणि रिकामा कॅन घेऊन परत वर गेले. त्या दिवशी ते पाण्याला उतरलेच नाहीत.

काम पूर्ण झालं. प्रायमर, रंगाचे दोन हात, सगळं नीट. तपासणीला एक साहेब आले. मीटर लावून रंगाची जाडी मोजली, ठिकठिकाणी वाकून बघितलं, मग हातमोजा काढून कठड्यावरून हात फिरवत खाली उतरू लागले. मध्येच थांबले.

"मॅडम, हे काय? वेल्डिंगचा दाणा राहिलाय इथे. हरभऱ्याएवढा!"

मी हात लावला. खरंच होता. रंगाखाली, गोल, गुळगुळीत. मी काशिनाथकडे बघितलं. काशिनाथ नदीकडे बघत होता.

"घासून काढा आणि रंग परत द्या," साहेब म्हणाले आणि कागदावर लिहायला लागले.

तेवढ्यात वरून बाबूराव आले. एका हातात कॅन, दुसरा हात कठड्यावर. ते येताहेत हे बघून साहेब बाजूला सरकले. बाबूरावांची बोटं दाण्यावर आली आणि थांबली. त्यांनी तो एकदा चाचपला. परत चाचपला. मग पाऊल हळूच खाली सोडलं, खोल पायरीवर नीट टेकवलं आणि पाण्याकडे उतरून गेले.

साहेबांनी लिहिलेलं खोडलं. खाली नवीन ओळ लिहिली, सही केली आणि कागद माझ्या हातात दिला.

"दाणा एक. जागेवर आहे."