हैबतरावांच्या ओसरीवरची वायर

लातूरकडचा शैलेश कंपनीचं नेटवर्क सांभाळायचा. गडी हुशार, पण भिडस्त. अशा माणसाला दुसऱ्याला नाही म्हणवत नाही आणि स्वतःची चूक कबूल करवत नाही, हे आम्ही पुष्कळ पाहिलंय.

दोन हजार आठ साल. ऑफिस भूगावला, गोदाम कासारसाईला हैबतरावांच्या जागेत. गोदामातली बिलं भूगावच्या सॉफ्टवेअरवर निघायची. मधली वाट व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटातूनच काढलेली, पण फक्त कंपनीची. अरुंद, बैलगाडीपुरती म्हणा ना!

एक दिवस हैबतराव म्हणाले, "आमच्या जागेत इंटरनेट, आन् आमीच कोरडं व्हय रं?"

हैबतरावांच्या घरी त्यांच्या बायकोच्या, धोंडाबाईंच्या हातची भाकरी रोज हाणणारा शैलेश काय बोलणार? त्यानं गोदामातून त्यांच्या ओसरीपर्यंत वायर ओढून दिली. या वायरीला वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच नेटवर्कात स्वतंत्र कप्पा, करून थेट बाहेर इंटरनेटवर सोडायचं होतं; मग ती कामाच्या वाटेत आली नसती. "करू उद्या," म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही.

आठवड्यात एकेका बिलाला सात-सात मिनिटं लागू लागली. ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेली. मालक बंडोपंत चिडले, तसा शैलेश सगळ्या ड्रायव्हरांदेखत बोलून गेला, "सॉफ्टवेअर ठीक आहे हो. नलिनीबाईंना जमत नाही."

बारा वर्षं बिलं काढणाऱ्या नलिनीबाई दुसऱ्या दिवशी गोदामातच खोकी बांधायच्या कामावर गेल्या.

त्यांच्या जागी नवी मुलगी बसली. तरी सात मिनिटंच! तेव्हा कुठं शैलेशला वायर आठवली. ओसरीवर गेला, तर हैबतराव कॉम्प्युटरवर कुस्त्या बघत बसलेले.

"ये इंजिनेर, बस. ह्यो डाव बघ, लई भारी हाय!"

सगळ्या कुस्त्या त्याच अरुंद वाटेनं येत होत्या, आणि बिलं मागं खोळंबली होती. शैलेशनं दहा मिनिटांत व्हीलॅन वेगळं केलं. बिल चुटकीसरशी निघालं. बंडोपंतांनी पाठ थोपटली, आणि त्या थापेनं तो नुसता आक्रसला.

नलिनीबाईंजवळ जाऊन हळूच म्हणाला, "बाई, चूक माझी होती. मी साहेबांना सांगतो, तुम्ही परत बसा."

बाईंनी दोरीची गाठ आवळली. "कानात कशाला सांगता? माझं नाव घेतलंत तेव्हा कुजबुजला नव्हतात."

मग ट्रक लागलेले असताना, बंडोपंतांसमोर, शैलेश उभा राहिला. कान लाल, नजर चपलांवर. वायर, ओसरी, कुस्त्या, सगळं सांगितलं.

मागून एक ड्रायव्हर ओरडला, "ओ सायेब, मोठ्यानं बोला की! हितं काय बी ऐकू येत न्हाई!"

बिचाऱ्याला पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं.