दिघेमावशींची अस्वलं

दिघेमावशींना काहीही चाखायला दिलं, की त्या डोळे मिटून घ्यायच्या आणि विचारायच्या, "रिपोर्ट देऊ?" नको म्हणायची सोय नव्हती. आम्ही कॅनडात कोक्विटलामला त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा माझी बायको मोठ्या हौसेने मोदक घेऊन गेली. मावशींनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, "सारण धडधाकट आहे. पारीला मात्र ताबडतोब ॲडमिट करा."

बायको आठवडाभर धुमसत होती. मग निमूटपणे उकड काढणं शिकायला त्यांच्याकडेच गेली.

मावशी मूळच्या मिरजेच्या. इथल्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट म्हणून सगळी नोकरी झाली. नवरा गेल्यावर बेसमेंटमध्ये रंग घेऊन बसायला लागल्या. "मी रिपोर्ट देते. सांत्वनाला दुसरी माणसं असतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या मराठी मंडळाला नेमकी सांत्वनाचीच सवय. तिथला प्रत्येक कार्यक्रम 'न भूतो न भविष्यति' व्हायचा आणि तसं जाहीर करायला अध्यक्ष सोमणकाका असायचे, खांद्यावर शाल आणि हातात माइक घेऊन. त्यांच्या पत्नी सुलभाकाकू म्हणजे मावशींची इथली सर्वांत जुनी मैत्रीण. दोघी रोज सकाळी फिरायला जायच्या.

त्या वर्षी गणपतीत मंडळाने नेहमीप्रमाणे दुप्पट जेवण मागवलं. "कमी पडलं तर नाक कापलं जाईल," सोमणकाका म्हणाले. नाक शाबूत राहिलं, श्रीखंड उरलं. ट्रेच्या ट्रे हॉलमागच्या कचऱ्याच्या डब्यांत गेले, आणि झाकणं लागेनात म्हणून तशीच उघडी राहिली. वासावर एक अस्वल आलं. मग ते रोजच यायला लागलं, शेजारच्या शाळेच्या आवारातही शिरलं. माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल परत रानात रमत नाही. शेवटी सरकारी माणसांनी त्याला गोळी घातली.

मंडळाच्या मीटिंगमध्ये मावशी उभ्या राहिल्या. "मृत्यूचं कारण श्रीखंड. लिहून घ्या."

सोमणकाका हसले. "मालतीताई, अहो, वाइल्डलाइफ आहे ते! त्यात मंडळ कुठे आलं? चला, पुढचा विषय, ढोल-ताशा."

आणि मंडळी ढोल-ताशाकडे वळली. मावशींनी पर्स उचलली आणि त्या घरी गेल्या.

काही महिन्यांनी बातमी आली. नगरपालिकेने कचऱ्याच्या ट्रकवर लावायला नागरिकांकडून चित्रं मागवली होती आणि त्यात मावशींचं निवडलं गेलं होतं. अभिनंदन करावं की धीर द्यावा, मंडळींना कळेना. "कचऱ्याच्या म्हणजे... कचऱ्याच्याच?" असं एकाने मला फोन करून विचारलं. सोमणकाकांनी वाट काढली. व्हॉट्सॲपवर त्यांनी लिहिलं, 'फिरत्या कलादालनात आपल्या भगिनीची निवड!' आणि अनावरणाला सगळी कमिटी घेऊन जातीने हजर राहिले. चित्र तोवर मंडळातल्या कुणीच पाहिलं नव्हतं.

कापड सरकलं. ट्रकच्या अंगभर अस्वलांची पंगत बसली होती. केळीची पानं, भोवती रांगोळी, पानापानावर श्रीखंडाच्या टेकड्या. एका अस्वलाच्या नाकावर आमच्या खजिनदारांचा चष्मा होता. मधलं अस्वल सगळ्यांत थोराड, खांद्यावर शाल, पंज्यात माइक, आणि पोट पार मागच्या चाकापर्यंत गेलेलं. पंगतीबाहेर एक लहानसं अस्वल आडवं पडलं होतं. त्याच्यापुढे पान नव्हतं.

खजिनदारांनी आपला चष्मा काढून खिशात घातला. नगरपालिकेच्या गोऱ्या बाई मात्र हरखून गेल्या होत्या. "सो जॉयफुल!" म्हणत त्यांनी समाजाचे प्रतिनिधी म्हणून सोमणकाकांना नेमकं त्या मधल्या अस्वलाशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. काकांच्या खांद्यावर शाल होतीच. त्यांची नात टाळ्या पिटत ओरडली, "आजोबा, दॅट्स यू!"

संध्याकाळी काकांचा फोन आला, तेव्हा मी मावशींकडेच होतो. काकांचा आवाज मला पलीकडे बसून ऐकू येत होता.

"निदान ती शाल तरी पुसायला सांगा!"

"शाल काढली तर गारठेल हो बिचारा," मावशी म्हणाल्या.

त्यानंतर मंडळाची आमंत्रणं त्यांना यायची बंद झाली. ट्रक मात्र दर आठवड्याला सोमणांच्या दारात न चुकता जायचा. पुढच्या गणपतीला मंडळाने मोजकं जेवण मागवलं, उरलेलं डब्यांत भरून घरोघरी दिलं, आणि या दूरदृष्टीबद्दल आपल्या नव्या पर्यावरण समितीच्या अध्यक्षांचा सत्कार केला. अध्यक्ष अर्थातच सोमणकाका.

सुलभाकाकूंनी फिरायला येणं सोडलं. मावशी एकट्याच जायच्या आणि लवकर परतायच्या. "फार लागलं का तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"जन्मभर मायक्रोस्कोपखालच्या काचेच्या पट्ट्यांचे रिपोर्ट दिले रे. पट्टी कधी रुसली नाही," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ ब्रश धूत राहिल्या.

स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तेव्हा त्यांनी स्वतःचा रिपोर्ट स्वतःच वाचला आणि मला समजावून सांगितला, अगदी परक्या बाईचा असावा तसा. पुढे त्या हॉस्पिटलात अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मी सुलभाकाकूंना कळवलं. काकू म्हणाल्या, "मला घेऊन चल. ह्यांना सांगू नकोस."

काकू पलंगापाशी पर्स घट्ट धरून उभ्या राहिल्या. किती दिवसांचं साठलेलं वाक्य एकदाचं बाहेर आलं. "ह्यांचं पोट एवढं मोठं नाहीये, मालती!"

"मी लहानच काढलं होतं गं," मावशी पुटपुटल्या. "ट्रक मोठा निघाला."

काकूंना हसू फुटलं, आणि हसता हसताच त्या रडायला लागल्या. बूट काढून पलंगावर मावशींना खेटून बसल्या. मी कॉफी आणायला म्हणून बाहेर पडलो. परत आलो, तेव्हा काकू घडाघडा बोलत होत्या. तू मला ते चित्र आधी का नाही दाखवलंस, माझी आठवण नाही का आली, मी रोज खिडकीतून तुला एकटीला जाताना बघायचे. मावशी त्यांचा हात धरून ऐकत होत्या. एकदाही मध्ये बोलल्या नाहीत.

त्याच आठवड्यात मावशी गेल्या. काकू शेवटपर्यंत तिथेच होत्या.