जीपचा वाटा

परवा आमच्या तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात एक जण पोरांना सांगत होता, जुन्या काळी आमच्या रानात जीपमधून शिकार व्हायची, काय तो थाट, काय ती मजा. मी कोपऱ्यात बसलो होतो. चहा तसाच टाकून उठलो. ज्याने त्या जीपचं चाकसुद्धा बघितलं नाही त्याने थाट सांगायचा आणि ज्याच्या शेताची मेर, म्हणजे बांध, त्या जीपने मोडली त्याने गप्प ऐकायचं? माझी शाळा चौथीत सुटली. लिहायला हात जड आहे. पण हे मी लिहिणारच.

गोवा मोकळा व्हायच्या आधीची गोष्ट. आमचा गाव सावंतवाडीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. भात कापून झालं की गावाची पारध निघायची. पारध म्हणजे सगळ्या गावाची शिकार. त्यात कोणी एकटा शूर नसतो. बंदूकवाले पुढे जाऊन जनावराच्या वाटा धरून बसतात, बाकीचे हाका घालत रान झोडतात, आणि कुत्री माग काढतात. निघायच्या आधी देवळासमोर घाडी, म्हणजे गावातर्फे देवाशी बोलणारा मानकरी, गाऱ्हाणं घालायचा. ते गाऱ्हाणं मला अजून पाठ आहे.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा पारधीक जातत. हत्याराक यश दी, माणसा-कुत्र्यांची राखण कर, आणि लागलेला जनावर आमच्या हातसून सुटान, कुजान मराक दिव नको."

आणि आम्ही सगळे ओरडायचो, "होय म्हाराजा!"

जनावर मिळालं की देवळाच्या मागच्या मांगरात, म्हणजे खोपीत, सागाच्या पानांवर वाटे पडायचे. ज्याचा बार पहिला लागला त्याला मुंडी आणि एक मांडी. मग प्रत्येक माणसाला एक वाटा, बंदुकीला एक, आणि प्रत्येक कुत्र्याला एक. होय, कुत्र्यालाही पुरता वाटा, माणसाएवढा. जनावर आणताना वाटेत कोणी भेटला, मग तो परगावचा असो, भिकारी असो, त्यालाही वाटा. हा रिवाज कोणी कागदावर लिहिला नव्हता. लिहिला नव्हता म्हणूनच कोणी मोडत नव्हता.

मग माझा थोरला भाऊ लष्करातून परत आला. तिथे तो गाडी चालवायला शिकला होता. मालवणचा एक लाकडाचा ठेकेदार तेव्हा होड्यांसाठी आमच्या रानातलं लाकूड तोडून नेत होता. त्याने लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली आणि दादाला तिच्यावर ठेवला. दादाचा थाट काय विचारता! गावात शिरायच्या आधी वळणावरूनच हॉर्न वाजवायचा. आमची आई सांगायची, जन्मला तेव्हा एवढा रडला नव्हता जेवढा आता हा हॉर्न वाजवतो.

ठेकेदाराला शिकारीचा नाद होता. त्याने वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, तंबू ठोकला. बरोबर दोन-तीन मालवणचे दोस्त, सुके बांगडे, आणि काय काय बाटल्या. लाकूड ओढून पडलेली वाट होती, तिच्यावरून जीप थेट तंबूपर्यंत जायची. म्हणजे जायची ती वाटेने, यायची ती कुठूनही. एका सकाळी बघतो तर माझ्या कुणग्यात, भाताच्या तुकड्यात, चाकांचे दोन चर पडलेले आणि मेर फुटून गेलेली. दादाला विचारलं तर म्हणाला, "भात कापलेला शेत ता! कोणाचा काय गेला?" मेर घालायला पाठ किती मोडते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. आम्ही दोघांनी बापाशीच्या हाताखाली एकत्रच मेरी घातल्या होत्या.

ठेकेदाराने गावकाराला सांगितलं की यंदाची पारध आपण मिळून करू. गावकार म्हणजे गावचा पहिला मानकरी. देवळाचं छप्पर खचलं होतं आणि ठेकेदाराने सागवानी वासे द्यायचं कबूल केलं होतं, त्यामुळे गावकाराला त्याचं सगळंच गोड लागत होतं. ठरलं. आम्ही गाऱ्हाणं घातलं आणि चालत निघालो. ठेकेदार जीपमधून निघाला. वाट धरून बसायची तर तो जीपमध्येच बसला, मांडीवर बंदूक, पाठीला गादी.

आम्ही खालून रान उठवलं. एक मोठा सांबर फुटला आणि सड्यावर चढला. दादाने जीप त्याच्या मागे सोडली. सड्याच्या कातळावरून ती दगडांवर आपटत धावत होती आणि ठेकेदार उभा राहून बार काढत होता. एक बार लागला, पण पोटात. असा बार लागलेलं जनावर मरत नाही आणि जगतही नाही. सांबर तसाच व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, झाडीत उतरला. जीप व्हाळाच्या काठावर येऊन थांबली. पुढे उतरण आणि करवंदीच्या जाळ्या. तिथे चाकाचं काय काम?

तिथे कुत्री गेली. पुढे माझी तांबडी. ती काही जातिवंत वगैरे नव्हती, गावठी, एक कान फाटलेला. तिने पाण्यात सांबराला अडवून धरला. आम्ही पोचेपर्यंत त्याने तिला लाथ घातली होती, तिची बरगडी मोडली होती, तरी ती भुंकतच होती. आमच्या वाडीतल्या बंदुकवाल्याने जवळून बार घातला तेव्हा संपलं. मग आम्ही दांड्याला बांधून तो सांबर चढणीने वर आणला आणि सड्यावरून देवळापर्यंत जीपने नेला. एवढंच काय ते जीपचं काम. तांबडीला मी खांद्यावर घेऊन उतरलो.

मांगरात वाटे पडायला लागले. ठेकेदाराला मुंडी आणि मांडी मिळाली, माझं काही म्हणणं नव्हतं, पहिला बार त्याचाच. आणि मग दादा म्हणाला, "गाडयेचो वाटो काढा."

मला वाटलं चेष्टा करतोय. सगळे हसलेही.

"हसतास कित्याक?" दादा म्हणाला. "कुत्र्याक वाटो आसा, मगे गाडयेक कित्याक नाय? कुत्रो चार पायांनी धावता, गाडी चार चाकांनी धावता."

मी म्हटलं, "कुत्रो मटान खाता. तुझी गाडी काय खाता?"

"गाडी पेट्रोल पिता. ता काय तुझो बापूस घालता?"

"माझो नि तुझो बापूस एकच, दादा. वर गेलंस काय इचार तेका."

मांगर हसून हसून फुटायचा राहिला. दादाचा चेहरा काळा पडला. गावकार मध्ये पडला. "अरे, भांडतास कित्याक? पारधीत जो उभो रवलो तेका वाटो, असो आपलो रिवाज."

"गाडी उभीच होती मगे!" मागून कोणीतरी बोललं.

"होय, उभीच होती," मी म्हटलं. "व्हाळाच्या काठार. आणि गाऱ्हाण्यात कुत्र्याचा नाव आसा. गाडयेचा खंय आसा?"

दादा म्हणाला, "ता घाडयाक सांगान घालूक येता."

पुन्हा हसू. आणि त्या हसण्यातच निकाल लागला. गावकाराने डोकं खाजवलं, ठेकेदाराकडे बघितलं, वर देवळाच्या खचलेल्या छपराकडे बघितलं, आणि सांगितलं की जीपला एक वाटा, आणि सगळ्या कुत्र्यांना मिळून एक. कुत्री काय, आतड्यांवर पण खूश असतात.

असं बोलला तो. माझी कुत्री बरगडी मोडून पायाशी पडली होती आणि तिचा वाटा उचलून दादाने जीपच्या बॉनेटवर ठेवला. गरम पत्र्यावर ते मांस, त्यावर माशा. मी माझा स्वतःचा वाटाही घेतला नाही. सगळ्यांच्या देखत उठून आलो. कोणी थांबवलं नाही, हे मी विसरलेलो नाही.

घरी बायकोने मसाला वाटून ठेवला होता. रिकाम्या हाताने आलेलं बघून तिने सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या रागाक आता फोडणी घालू? की तसोच सुको खातल्यात?"

मी तांबडीला हळद-तेल चोळत बसलो.

दादाचं घर आणि माझं घर एकाच अंगणात. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. लोक म्हणत, एवढ्याशा मांसासाठी भावाशी भांडतो. मांसासाठी? माझ्या घरात काय जेवण नव्हतं? त्या कुत्रीचा मान होता तो. ती बोलू शकत नाही म्हणून तिचा मान जो सहज उचलतो तो उद्या माझा उचलणार, परवा तुमचा. हे एका माणसालाही समजत नव्हतं. आणि समजत नव्हतं असं तरी कसं म्हणू? समजत होतं. सागवानी वासे हवे होते.

पुढे तेच झालं. ठेकेदाराने गावाला बोलावणंच सोडलं. हाका घालायला माणसं कशाला? पहाटे जीप काढायची, लाकडाच्या वाटेवर जनावर दिसलं की बार टाकायचा आणि सगळं मांस तंबूत. जीपला वाटा देणारे आता तंबूच्या बाजूने येणारा वास घेत बसले.

शिमग्याच्या जरा आधी, सकाळी मी अंगणात दोर वळत होतो. तांबडी बरी झाली होती, फक्त उठताना कण्हायची. बेड्यातून, अंगणाच्या फाटकातून, गावकार आत आला, मागे दादा.

"आसस काय रे घरात?"

"दिसतंय नाय काय?"

गावकार अंगणातच टेकला. म्हणाला, "ठेकेदारान काल सांजेक सांबराक बार घातल्यान. लागलो हा. रगात आसा, पण व्हाळात उतारल्यार माग गावना नाय. तुझी कुत्री होई आमका."

मी दोर वळतच राहिलो. "गाडयेक सांगा हुंगूक."

दादा पहिल्यांदाच बोलला, माझ्याशी नाही, गावकाराशी. "सांगलंय नाय तुमका? लग्नातल्या जावयासारखो रुसान बसलो हा."

मी उठलोच होतो, हातात दोर होता, काय केलं असतं सांगता येत नाही. गावकाराने माझा हात धरला. "तुमचा भावाभावांचा काय ता मागे बघूया. जनावर थंय तडफडता, तेचो काय गुन्हो?"

मी दोर खाली टाकला. लागलेलं जनावर सोडणार नाही, हे आम्ही देवासमोर म्हटलेलं होतं. ठेकेदाराने म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं. पण फुकट जाणारा मी नव्हे.

"येतंय," मी म्हटलं. "पण जनावर पडात थंयच वाटे घालूचे. जुन्या रिवाजान. सड्यार आणूचा नाय."

गावकार कबूल झाला.  दादा जीपकडे गेला.

वाडीतली माणसं घेतली आणि निघालो. तांबडीने रक्त घेतलं आणि व्हाळाने वर गेली. फार लांब जावं लागलं नाही. सांबर व्हाळातल्या एका कोंडीच्या, म्हणजे डोहाच्या, कडेला बसून होता, मान वर, डोळे उघडे, पोटावर माशा. आम्हाला बघून उठायला गेला आणि उठवेना. रात्रभर तसाच असणार. आमच्या बंदुकवाल्याने एक बार घालून त्याला सोडवला. कोणी ओरडलं नाही.

सड्यावरून ठेकेदाराचा माणूस उतरला. म्हणे, साहेबांनी सांगितलंय, अख्खाच वर आणा. मी सुरी काढली आणि त्याच्या समोर पहिलं काम केलं ते मुंडी आणि एक मांडी वेगळी करायचं. त्याच्या खांद्यावर ठेवली. "ही तुझ्या शेटीची. बार तेचो पयलो. रिवाज तो रिवाज."  मला तो ठेकेदार डोळ्यांसमोर नको होता, पण त्याचं त्याला दिलं नसतं तर मी दादापेक्षा वेगळा कसा?

मग वाटे घातले. माणसांचे, बंदुकीचा, आणि तांबडीचा पुरता एक. मोळी घेऊन एक बाई वरच्या रानातून उतरत होती, कुठल्या गावची माहीत नाही. तिलाही दिला. ती आधी घाबरली, मग ओच्यात घेऊन हसत गेली. गावकार सगळं बघत होता. शेवटी हळूच म्हणाला, "तुझ्या दादाचो?"

दादा आमच्याबरोबर व्हाळात उतरला नव्हता, पण बोलवायला आला होता, काठावर उभा होता. पारधीत उभा राहिला त्याला वाटा. मी त्याचा वाटा पानात बांधला आणि स्वतः चढून वर घेऊन गेलो. ठेकेदार आपली मुंडी बघण्यात गुंग होता. दादा जीपच्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. मी ते पान त्याच्या बाजूच्या सीटवर ठेवलं.

"ह्यो तुझो. माणसाचो."

त्याने पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांनी तो माझ्याशी बोलला, आणि काय बोलावं?

"आणि गाडयेचो?"

मी काय म्हणालो ते इथे लिहिता येत नाही. आईच्या कानावर गेलं असतं तर तिने पोतेऱ्याने बडवला असता. आई दोघांची एकच होती, हेही रागाच्या भरात ध्यानात राहिलं नाही.

मी माझा आणि तांबडीचा वाटा उचलला आणि लाकडाच्या वाटेने घराकडे चालायला लागलो. थोड्या वेळाने मागून जीप आली. वाट एका गाडीपुरतीच, दोन्ही बाजूंना करवंदी. दादाने हॉर्न वाजवला. मी वाटेच्या मधोमध चालत होतो, तांबडी माझ्या पुढे, तिला बरगडीमुळे वेगाने चालवत नव्हतं. त्याने पुन्हा वाजवला. मग दाबूनच धरला. आतून ठेकेदार काहीतरी ओरडला. गाव येईपर्यंत तो हॉर्न माझ्या पाठीवर वाजत होता, आणि गाव येईपर्यंत मी बाजूला झालो नाही.