पडद्यावरच्या गावातली विहीर

बाप मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होता. हंगाम संपला की आम्ही वरवट बकालला परत यायचो आणि तो मिळेल त्या शेतात राबायचा. रुईची धूळ त्याच्या छातीत इतकी बसली होती की बोलता बोलता तो मध्येच थांबायचा, खोकायचा, आणि काय सांगत होता तेच विसरायचा. माय निंदायला जायची. मोठ्या बहिणीची शाळा सातवीत सुटली, माझी टिकली. दोघांची टिकावी एवढा त्या घरात दम नव्हता.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. हे कोणी न विचारताही मी सांगतो. लोकांना ते मिरवणं वाटतं. वाटू दे.

आता चिखलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो. बाप गेल्यापासून माय माझ्याजवळ असते. दिवसभर तेच ते शिकवून डोकं विटून जातं, म्हणून कॉलेजातल्या एका मित्रानं मला एका ऑनलाइन खेळात ओढलं. संगणकावर ठोकळे रचून गाव उभं करायचं, कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलायचं आणि त्या गावात कोणीतरी व्हायचं. वीसेक जण होतो. तो मित्र सोडला तर मी कोणालाच पाहिलेलं नव्हतं. पुण्याचा एक नोकरदार पोरगा हा खेळ चालवायचा, त्याला सगळे मालक म्हणायचे.

माझ्या वऱ्हाडी बोलण्यावर सगळे हसायचे. "दादा, 'का'ऐवजी ते 'काऊन' परत म्हण ना!" मी म्हणायचो. हसणाऱ्याला हसू द्यावं, आपलं काय जातं.

त्या गावातली विहीर मी बांधली. नुसता खड्डा नाही. आतून दगडी चिरे, उतरायला पायऱ्या, वर काठ. क्लास सुटला की रोज संध्याकाळी एक एक थर रचत होतो. त्या विहिरीनं मला जे समाधान दिलं ते पगारानं कधी दिलं नाही.

मग मालकाच्या डोक्यात आलं की गाव जुन्या काळातलं करायचं. ज्याला जे आवडेल ते त्यानं व्हावं. नाशिकची एक कॉलेजातली मुलगी झुपकेदार मिशांचा पाटील झाली आणि घोगरा आवाज काढू लागली. मला खेळात आणणारा मित्र चिखलीतल्या भटजींच्या घरातला, तो दरोडेखोर झाला. मी म्हटलं, मला शाळामास्तर करा.

"तुझं आडनाव काय रे?" मालकानं विचारलं.

आपल्याकडे हा प्रश्न कशासाठी विचारतात ते शेंबड्या पोरालाही कळतं. मी सांगितलं. लपवायचं कारण नव्हतं.

"मग तू येसकर हो ना," मालक म्हणाला. "वेशीवरचा राखणदार. एकदम खरं वाटेल. फक्त विहिरीला शिवायचं नाही हं. कोणीतरी वरून ओतेल. मनावर घेऊ नको, रोलप्ले आहे."

पुढच्या रविवारी दुपारी मी वेशीवर उभा राहिलो. भांडत बसायचा कंटाळा आला, म्हटलं बघू. पाटलीण झालेला एक पोरगा घागर घेऊन आला. "ए, वाक जरा! सांडंल ना सगळं!" तो खिदळत होता. खाली वाकायचं एक बटण असतं. मी ते दाबलं. पडद्यावरचा माझा माणूस गुडघ्यावर आला.

माय मागं चहा घेऊन उभी होती, ते मला कळलंच नाही.

"हा खाली बसेल कोन व्हय?"

"मी."

"अन् ते पानी वरतून काऊन टाकून राह्यले?"

"खेळ आहे व माय."

"असा कोनता खेळ?" तिनं कप टेबलावर आपटला. "तुह्या आज्यानं काय खेळ म्हनून पेलं का तसं पानी? उठव त्याले."

मी उठवलं. आणि माईकवर, माझ्याच बोलीत, सगळ्यांना विचारलं, "तुम्ही सगळे जे नाही ते होऊन राह्यले. पोरगी पाटील, भटजीचा पोरगा डाकू. मग मलेच काऊन माह्या आज्याचं जिणं?"

"हे बघ, इथं जात आणू नकोस," मालक म्हणाला. "आम्ही दमून येतो, चार घटका मजा करायला."

दमून तर मीही येत होतो. त्याच क्षणी सोडून द्यावं असं वाटलं. पण विहीर माझी होती. तिथल्या पाण्याला हात लावल्याशिवाय जायचं नाही, एवढंच मनात होतं.

इतक्यात मित्र बोलला, "मालक, मले दे येसकराचं काम. हा होईल मास्तर."

"तुला कसं देऊ?"

"काऊन बे? रोलप्लेच आहे ना?"

मिशीवाला पाटील झालेल्या मुलीनं घोगरा आवाज सोडून दिला आणि ती आपल्या खऱ्या, बारीक आवाजात म्हणाली, "तो बरोबर बोलतोय. लाज वाटली पाहिजे आपल्याला."

गोष्ट तिथं मिटली नाही. पुढे कितीतरी रविवार त्यातच गेले. तेच तेच समजावून सांगायचं, तेच तेच ऐकायचं. 'पूर्वी असंच होतं' म्हणणाऱ्याला 'पूर्वी पोरी पाटील होत नव्हत्या' हे परत परत सांगायचं. मला राग यायचाही कंटाळा आला. काही जणांनी खेळ सोडला, जाताना मलाच शिव्या घालून. खेळणारे निम्मे उरले तेव्हा आणखी माणसं गमावणं मालकाला परवडणारं नव्हतं, शेवटी त्यानं माझं म्हणणं मानलं. त्यानं माफी मागितली नाही. मीही मागायला लावली नाही.

आता त्या गावात आडनाव विचारायला बंदी आहे. मी शाळामास्तर आहे, आणि विहिरीवरून कोणीही आपल्या हातानं पाणी भरून नेतं.